सगळ्यात जास्त पगार कुणाला?

मुलांनो, माझ्या चौथीच्या वर्गात शिकून गेलेला एक मुलगा आता दहावीत आहे. परवा तो शाळेत आला तो वर्तमानपत्राचं कात्रण घेऊनच. जास्तीत जास्त पगाराच्या व्यवसायांची यादी होती ती.

"बाई, पहिल्या नंबरावर पायलट आहे. मी तेच होणार!"

"हो की! पण आधी गणित करू या," मी म्हटलं आणि फळ्यावर चार रकाने आखले. शिकायला वर्षं किती? खर्च किती? सुरुवातीचा पगार किती? आणि हे काम टिकेल का?

पायलटपासूनच सुरुवात केली. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तास विमान चालवावं लागतं. त्या तासांचे पैसे आपणच भरायचे, म्हणजे खर्च लाखांच्या घरात. शिवाय वैद्यकीय तपासणी कडक आणि ती पुढेही पुन्हा पुन्हा होते. नापास झालं, की उड्डाण बंद!

मग डॉक्टर. बारावीनंतर एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षं, एक वर्ष इंटर्नशिप आणि तज्ज्ञ व्हायचं तर एम.डी.ची आणखी तीन. म्हणजे वयाची सत्ताविशी आलीच. सी.ए.ची फी त्यामानाने कमी, काम शिकताना थोडं विद्यावेतनही मिळतं. पण परीक्षा भारी अवघड, कित्येकांना पुन्हा पुन्हा बसावं लागतं.

"आणि कलेक्टर?" त्यानं विचारलं.

१ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या सातव्या वेतन आयोगात नव्या आय.ए.एस. अधिकाऱ्याचं मूळ वेतन महिना ५६,१०० रुपये ठरलं. सर्वांत वरच्या कॅबिनेट सचिवाचं ठरलं २,५०,००० रुपये. जिना एकच, पायऱ्या वेगळ्या! यादीत बहुधा वरची पायरी छापतात. आपण मात्र पहिला पाय खालच्या पायरीवर ठेवणार असतो, नाही का?

राहिला चौथा रकाना. तो कसा भरायचा, हे आपल्या सोलापूरकडूनच शिकावं. इथे १८७७ साली जुनी मिल निघाली. पुढे नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्या आल्या. भोंग्यावर गाव उठायचं. गिरणीत कायम नोकरी म्हणजे घराला मोठा आधार. पण या गिरण्या एकेक करून बंद पडल्या.

तो गप्पच झाला. मग हळूच म्हणाला, "माझे आजोबा गिरणीत होते. नंतर त्यांनी भाजीची गाडी लावली. त्यांचं काम निवडायला चुकलं का ओ बाई?"

"नाही रे. त्या वेळी ते चांगलंच काम होतं. पण यादी बदलत असते. आज पहिलं असलेलं काम तू चाळीस वर्षांचा होशील तेव्हा कुठे असेल, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून एका कामाबरोबर दुसरं काम शिकायची तयारीही हवी. आजोबांनी ती पन्नाशीत दाखवली. सोपं असतं का ते?"

त्यानं चारही रकाने वहीत उतरवून घेतले. आधी आजोबांना विचारून त्यांचा रकाना भरणार म्हणाला.

मुलांनो, तुम्हीही वहीत असे रकाने आखा. आवडणाऱ्या तीन कामांची नावं लिहा. ते काम करणारं कुणी ओळखीचं असेल, तर त्यांना जाऊन विचारा. नुसतं पगार किती, एवढंच नाही हं! पहिला पगार कधी मिळाला, तेही विचारा.