विश्लेषण : इअरफोन निवडताना ‘एमएम’ पाहायचे की कानातली पकड?

‘१३ एमएम ड्रायव्हर’, ‘एक्स्ट्रा बास’, ‘५० तास प्लेटाइम’, ‘हाय-रेस ऑडिओ’... इअरफोनच्या खोक्यावरचे हे शब्द पाचशे रुपयांच्या खोक्यावरही दिसतात आणि दहा हजारांच्याही. त्यातून आवाजाच्या दर्जाविषयी फारसे काही कळत नाही. सर्वात महत्त्वाची गोष्ट, म्हणजे हा इअरफोन घेणाऱ्याच्या कानात नीट बसेल की नाही, ती तर खोक्यावर छापताच येत नाही. गाणे चांगले ऐकू येणे आणि वयाच्या चाळिशीत कान शाबूत असणे, या दोन्ही गोष्टी या एका मुद्द्याशी जोडलेल्या आहेत. त्या कशा, याचा आढावा.

प्लेअर महत्त्वाचा की इअरफोन?

सोनीने १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये पहिला वॉकमन विक्रीला आणला आणि चालता-फिरता गाणी ऐकण्याची सवय जगाला लागली. २००१ मध्ये ॲपलचा आयपॉड आला. मे २०२२ मध्ये त्याचेही शेवटचे मॉडेल बंद झाले. आज बहुतेकांचा म्युझिक प्लेअर म्हणजे खिशातला फोन. स्वतंत्र प्लेअर घेणारे हौशी श्रोते अजून आहेत, पण आजच्या साध्या फोनमधले ध्वनी-सर्किटही इतके सुधारले आहे की फोनमुळे पडणारा फरक बहुतेकांच्या कानाला कळत नाही. इअरफोनमुळे पडणारा फरक मात्र पहिल्या दहा सेकंदांत कळतो. त्यामुळे खर्च करायचाच तर आधी इअरफोनवर करावा. तो किती करावा, हा वेगळा प्रश्न. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात २८३ हेडफोन व इअरफोनची मोजमापे तपासण्यात आली. किंमत आणि ध्वनीचा समतोल यांच्यात काहीही संबंध आढळला नाही. महाग म्हणजे चांगले, हा समज इथे चालत नाही.

‘नीट बसणे’ म्हणजे नेमके काय?

कानाच्या नळीत बसणाऱ्या, टोकाला सिलिकॉनचे रबर असलेल्या इअरफोनमधला पडदा जेमतेम नखाएवढा असतो. एवढ्याशा पडद्याने ढोलाचा ठोका ऐकू येण्याइतकी हवा हलवायची, तर कानाची नळी बाटलीला बूच लावल्यासारखी बंद असावी लागते. रबर आणि कानाची कातडी यांच्यात थोडी जरी फट राहिली, तरी खालचे स्वर म्हणजे बास तिथूनच निसटतो. वरचे स्वर तेवढे निसटत नाहीत. परिणाम असा, की गाणे पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाटते. मग ग्राहक ‘बास कमी आहे’ म्हणून परीक्षणात एक तारा देतो, किंवा ‘एक्स्ट्रा बास’वाले मॉडेल मागवतो. खरे तर त्याला हवा असतो खोक्यातल्याच छोट्या पिशवीतला दुसऱ्या मापाचा रबर.

बहुतेक कंपन्या तीन मापांचे रबर देतात आणि मधले माप आधीच चढवलेले असते. अनेक जण ती पिशवी उघडतही नाहीत. दोन्ही कानांच्या नळ्या सारख्याच मापाच्या असतात असेही नाही. एका कानाला मधले आणि दुसऱ्याला मोठे माप लागणे अगदी सामान्य आहे.

तपासण्याची पद्धत सोपी आहे. उजव्या कानात इअरफोन घालताना डाव्या हाताने कानाची पाळी वर आणि थोडी मागे ओढावी. त्यामुळे वाकडी नळी सरळ होते. मग बास असलेले गाणे लावून इअरफोन बोटाने हलकेच आत दाबावा. दाबल्यावर बास एकदम वाढला, तर फट आहे असे समजावे आणि माप बदलावे. एकदा मोठी जांभई देऊन पाहावे. जबडा हलल्यावर इअरफोन सैल पडत असेल, तर तो बोलताना किंवा चालतानाही पडणार. सिलिकॉन कोणत्याच मापात बसत नसेल, तर फोमच्या टिप वेगळ्या विकत मिळतात. त्या चिमटीत दाबून कानात घातल्या की आत फुगून नळीचा आकार घेतात. काही महिन्यांत त्या झिजतात, हा त्यांचा तोटा.

याचा कानांच्या आरोग्याशी काय संबंध?

आवाजाचा बार किती वर न्यायचा, हे श्रोता ठरवतो असे वाटते. खरे तर ते आजूबाजूचा गोंगाट ठरवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला ८० डेसिबलचा आवाज ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. इथून पुढे दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि मुदत निम्मी. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५ आणि ९२ ला फक्त अडीच तास.

आता डोंबिवलीहून सीएसएमटीला जाणाऱ्या प्रवाशाचे उदाहरण घेऊ. जाऊन-येऊन रोजचे दोन तास कानात गाणी. समजा डब्यात ८० डेसिबलचा खडखडाट आहे आणि त्याच्या इअरफोनमुळे बाहेरचा आवाज अडतच नाही. शब्द नीट कळावेत म्हणून त्याने गाणे ९२ डेसिबलवर नेले. सोमवारीच दोन तास संपले. मंगळवारी सकाळी गाडी ठाणे-मुलुंडपर्यंत पोहोचेस्तोवर त्याचा आठवड्याचा कोटा संपतो आणि पुढचे सगळे दिवस तो उधारीवर ऐकत असतो. याच प्रवाशाने नीट बसणारा इअरफोन घातला आणि बाहेरचा आवाज १२ डेसिबलने जरी कमी झाला, तरी तेच गाणे ८० डेसिबलवर तेवढेच स्पष्ट ऐकू येते. मुदत थेट ४० तासांवर जाते. तेवढा तर त्याचा आठवड्याचा प्रवासही नाही.

कानाच्या आतल्या शंखाकृती भागात, म्हणजे कॉक्लियात, जन्मतः सुमारे १५ हजार केसपेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाने आधी उंच स्वर टिपणाऱ्या पेशी जातात. त्यामुळे सुरुवातीला आवाज कमी झाल्यासारखे वाटतच नाही. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरे पुसट होतात आणि समोरचा पुटपुटतो आहे असे वाटू लागते. असुरक्षित पद्धतीने ऐकण्यामुळे १२ ते ३५ वयोगटातील १०० कोटींहून अधिक जणांची श्रवणशक्ती धोक्यात असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पार्श्वगायिका अलका याज्ञिक यांनी जून २०२४ मध्ये आपल्याला श्रवणदोष झाल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी विषाणुसंसर्ग हे कारण दिले होते. तरीही त्यांनी त्याच निवेदनात मोठ्या आवाजातील संगीत आणि हेडफोनबाबत सावध राहण्यास सांगितले होते.

आवाज ६० टक्क्यांच्या वर नेऊ नये, हा सल्ला अनेकदा दिला जातो. नियम म्हणून तो ठीक आहे, पण एका फोनचे ६० टक्के दुसऱ्या फोनवर ८० टक्क्यांएवढे असू शकतात. त्यापेक्षा घरी, शांत खोलीत आवडेल तेवढा आवाज ठेवावा आणि बारची जागा लक्षात ठेवावी. प्रवासात तो बार खूप वर न्यावा लागत असेल, तर इअरफोन बाहेरचा आवाज अडवत नाही हे निश्चित.

खोक्यावरच्या आकड्यांचे काय?

ड्रायव्हरचा आकार, म्हणजे त्या पडद्याचा व्यास. मोठा पडदा जास्त हवा हलवतो हे खरे. पण नळी बंद असेल तर छोटा पडदाही पुरतो. स्टेजवरच्या गायकांच्या कानात जे मॉनिटर असतात, त्यातल्या अनेकांत ‘बॅलन्स्ड आर्मेचर’ नावाचे काही मिलिमीटरचे ड्रायव्हर असतात. हे तंत्रज्ञान मूळचे श्रवणयंत्रांचे. ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ हा आकडा तर जवळपास प्रत्येक खोक्यावर असतो, कारण तीच माणसाच्या कानाची सर्वसाधारण मर्यादा आहे. त्या दोन टोकांच्या मध्ये कोणता स्वर किती चढा आणि कोणता किती उतरा, यावर आवाजाचा पोत ठरतो आणि नेमके तेच छापलेले नसते. ‘हाय-रेस’चा सोनेरी स्टिकर ४० किलोहर्ट्झपर्यंतच्या क्षमतेसाठी मिळतो. तिथला आवाज वटवाघळाला ऐकू येईल, माणसाला नाही.

ओहममधला ‘इम्पिडन्स’ मात्र वायरवाले घेताना पाहावा. १६ ते ३२ ओहमचे इअरफोन फोनवर आरामात वाजतात. २५० किंवा ३०० ओहमचे मोठे स्टुडिओ हेडफोन फोनला लावले तर आवाज बारीक येतो.

‘एएनसी’ आणि ‘ईएनसी’मध्ये फरक कोणता?

स्वस्त इअरबड्स घेताना सर्वाधिक फसगत या एका अक्षरात होते. ‘एएनसी’ म्हणजे ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन. यात माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि इअरफोन त्याच्या बरोबर उलट लहर तयार करून तो ऐकणाऱ्याच्या कानात पुसतो. ‘ईएनसी’मध्येही गोंगाट पुसला जातो, पण तो कॉलच्या पलीकडे असलेल्या माणसासाठी. घालणाऱ्याच्या कानात त्याने काहीच बदलत नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘नॉइज कॅन्सलेशन’ आणि खाली बारीक टायपात ‘ईएनसी’ असेल, तर ते लोकलमधल्या गोंगाटासाठी नाही.

खऱ्या एएनसीचीही मर्यादा आहे. पंखा, एसी, विमानाचे इंजिन, रुळांची घरघर असे सलग, खालच्या पट्टीतले आवाज ती छान दाबते. हॉर्न, शेजारची गप्पाष्टके किंवा फेरीवाल्याची हाक यांवर तिचा फारसा जोर चालत नाही. तिथे पुन्हा कामी येतो तो नीट बसलेला रबर. नळीत न शिरता कानाच्या तोंडाशी टेकून राहणारे इअरबड्स आरामदायक असतात, पण गर्दीत ते आवाज अडवत नाहीत. अर्थात, रस्ता किंवा रूळ ओलांडताना हेच त्यांचे गुण ठरतात. बूच बसवलेल्या इअरफोनवाल्याने तिथे दोन्ही कान मोकळे ठेवावेत.

वायर की वायरलेस?

तेवढ्याच पैशांत आवाज हवा असेल तर वायर. कारण त्यात बॅटरी, ब्लूटूथ चिप आणि चार्जिंग डबीचा खर्च नसतो. वायरवाला इअरफोन बहुधा प्लगपाशी वाकून तुटतो. तिथे लवचिक रबरी कॉलर आहे का, हे पाहावे. वायर सुटी करून बदलता येत असेल तर फारच उत्तम. इअरबड्समधली इवलीशी बॅटरी मात्र दोन-तीन वर्षांत थकते आणि बहुतेक मॉडेलमध्ये ती बदलता येत नाही.

जॅक नसलेल्या फोनसाठी टाइप-सी कनेक्टर घेताना एक अडचण येते. काही कनेक्टरमध्ये डिजिटल ध्वनीचे रूपांतर करणारी ‘डॅक’ चिप असते, काहींमध्ये नुसत्या तारा. नुसत्या तारांचा कनेक्टर अनेक फोनवर चालतच नाही. घेताना ‘डॅक’ आहे का, असे स्पष्ट विचारावे.

ब्लूटूथच्या कोडेकची चर्चा गरजेपेक्षा जास्त होते. आयफोन ‘एएसी’ वापरतो, अँड्रॉइडमध्ये २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून ‘एलडॅक’ची सोय आहे. पण गाण्याच्या ॲपमध्ये डेटा वाचवण्यासाठी दर्जा ‘लो’वर ठेवला असेल, तर कोडेक कोणताही असला तरी उपयोग नाही. आधी ती सेटिंग बदलावी.

अभंग ऐकणाऱ्याने काय पाहावे?

बाजारातले बहुतेक स्वस्त इअरफोन नाचाच्या गाण्यांसाठी बास फुगवून बनवलेले असतात. त्यावर अभंग लावला तर पखवाज गुबगुबीत वाजतो आणि गायकाचा आवाज मागे सरकतो. शास्त्रीय संगीतात तर तानपुऱ्याची जवारीच गायब होते. दुकानात चाचणी करता आली, तर परिचयाची तीन ध्वनिमुद्रणे पुरतात. तबल्याचे असे एक, ज्यात डग्ग्याची घुमारी आणि चाटीवरचा टणत्कार वेगवेगळे ऐकू यावेत. टाळ असलेला एक अभंग. टाळ कानाला टोचत असतील तर वरचे स्वर वाजवीपेक्षा चढे आहेत. आणि नुसत्या आवाजाचे एक, बातम्या किंवा अभिवाचन. ओळखीचा आवाज पडशाने बसल्यासारखा वाटला, तर ते मॉडेल बाजूला ठेवावे. दोन मॉडेलची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवावा, कारण किंचित मोठा वाजणारा इअरफोन नेहमीच जास्त चांगला वाटतो. हे विक्रेत्यांनाही ठाऊक असते.

खरेदी करताना काय तपासावे?

मुंबईतला लॅमिंग्टन रोड असो वा पुण्यातली तपकीर गल्ली, नामांकित कंपन्यांचे हुबेहूब नकली इअरफोन सगळीकडे असतात आणि ऑनलाइनही असतात. वायरलेस इअरफोनवर किंवा खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसते. कंपनीचे नाव वेगळेच निघाले तर माल परत करावा. व्यायामासाठी घ्यायचे असतील तर ‘आयपीएक्स४’ पुरेसे आहे; त्याचा अर्थ सर्व बाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण. घामाला तेवढे चालते, पोहायला नाही. कानातून पाणी किंवा पू येत असेल, तर डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत नळीत जाणारा कोणताच इअरफोन घालू नये.

आणि एका बाजूचा आवाज कमी झाला म्हणून नवे घेण्याआधी रबर काढून आतली जाळी उजेडात पाहावी. बऱ्याचदा तिथे कानातला मळ अडकलेला असतो. जाळी खाली तोंड करून कोरड्या मऊ ब्रशने साफ केली, की आवाज पूर्ववत होतो.