कलम न होणारे झाड

कलम म्हटले की आपल्या कला शाखेच्या विद्यार्थ्याला लेखणी आठवते, वकिलाला कायदा आठवतो आणि बागायतदाराला हापूस आंबा. शब्द अरबी-फारसीतून आलेला. मूळ अर्थ बोरू. बोरू तासून लेखणी होते आणि फांदी तासून झाडाचे कलम. कापल्यावाचून दोन्ही होत नाहीत.

झाडाच्या कलमात दोन भागीदार असतात. मुळे ज्याची, तो खुंट. आणि वर बसवायची ती कलमकाडी. साल आणि लाकूड यांच्या मधोमध एक ओलसर, पातळ थर असतो. शास्त्रात त्याला कँबियम म्हणतात. खोड जाड होते ते या थरामुळे. खुंटाला चीर द्यायची, काडी पाचरीसारखी तासायची, दोघांचे हे थर निदान एका बाजूने तरी जुळवायचे आणि घट्ट बांधून काडी सुकू द्यायची नाही. पुढे दोन्हींच्या पेशी एकमेकींत मिसळतात आणि पाणी वर चढू लागते. पाय खुंटाचे, फळ काडीचे!

जपानमध्ये बोन्साय करणारे हेच पाइन वृक्षावर करतात. पाच-पाच सुयांच्या नाजूक पांढऱ्या पाइनची काडी ते काटक काळ्या पाइनच्या खुंटावर चढवतात. सांधा दिसू नये म्हणून तो शक्य तितका खाली घेतात. आपल्याकडे रानबोरीवर उमराण, कडाका या गोड बोरांचे डोळे भरतात, त्यामागेही हीच युक्ती आहे.

पण कलम म्हणजे केवळ शोभा किंवा गोडी नव्हे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा नावाच्या किडीने युरोपातील द्राक्षवेलींची मुळे पोखरली. तेव्हा त्या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलींच्या खुंटांवर युरोपची द्राक्षे चढवली गेली आणि बागा वाचल्या. आपल्या नाशिक-सांगलीकडची द्राक्षेही क्षार आणि पाण्याची टंचाई सोसणाऱ्या डॉगरिज खुंटावर उभी आहेत. मूळ बदलले, फळ तेच राहिले.

मग आमच्या सावद्याच्या केळीचे काय? केळ एकदल वर्गातली. गहू, ज्वारी, ऊस आणि तो बोरूही याच वर्गातला. यांच्या अंगात पाणी वाहणाऱ्या नळ्या विखुरलेल्या असतात, कँबियमचा थर नसतोच. केळीचे खोड तर खोडही नव्हे, एकात एक गुंडाळलेली पानांची देठे! जुळवायचे कशाला काय?

म्हणून केळ कंदापासून, पिलापासून किंवा ऊतिसंवर्धित रोपापासून वाढते, आणि प्रत्येक रोप आपल्या आईची नक्कल असते. बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन ही नावे वेगळी, पण कूळ एकच: कॅव्हेंडिश. जगाच्या बाजारात पूर्वी ग्रो मिशेल ही केळ होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मातीतल्या बुरशीने, म्हणजे पनामा मर रोगाने, तिची सद्दी संपवली आणि तिच्या जागी कॅव्हेंडिश आली. आता त्याच बुरशीचा टीआर-४ हा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. तो बिहार आणि उत्तर प्रदेशात आढळला आहे. एकदा शिरला की मातीत वर्षानुवर्षे राहतो. द्राक्षाला दुसरे मूळ मिळाले. केळीला कोण देणार?

डिसेंबर २०२१ मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी एकदल वनस्पतींचेही कलम होते हे दाखवून दिले. बी रुजताना त्यातला कोवळा गर्भ कापून, मूळ आणि कोंब यांच्या सांध्यावर जोडायचा. या रीतीने त्यांनी गव्हाला ओटचे मूळ दिले. पण आपल्या खाण्याच्या केळीत रुजणारे बी नसते, तेव्हा शेतापर्यंतची वाट लांब आहे.

तोवर केळीचा खुंट म्हणजे तिचाच कंद, आणि तो निरोगी राखणे हाच उपाय. रोगट भागातून कंद आणायचे नाहीत, तिकडची माती अवजारांना चिकटून येऊ द्यायची नाही, तपासलेली रोपेच लावायची आणि पिकाची फेरपालट करायची. गावातून भरून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकमागे किती घरांची चूल आहे हे आपण जाणतो. ज्या झाडाला दुसरे मूळ देता येत नाही, त्याचे आहे ते मूळ डोळ्यांत तेल घालून जपायला हवे.