हैदराबादचं वार्तापत्र : बाळ दूध टाकतंय म्हणून अंगावरचं तोडू नका

हैदराबाद : देवगिरी एक्स्प्रेसने नांदेड-परभणीकडून इथे उतरणाऱ्या आज्यांच्या पिशव्यांत डिंकाचे लाडू, अळीव आणि बाळगुटीची सहाण हटकून असते. माधापूर, गच्चीबावलीच्या उंच इमारतींत त्यांच्या मुली-सुना बाळंत झालेल्या असतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाळ दूध टाकू लागतं. शेजारच्या तेलुगू आजीबाई 'पालु कक्कुतुन्नाडु' म्हणत वेखंड उगाळून चाटवायला सांगतात, आपली आजीही तेच सांगते. त्यानं थांबलं नाही की निकाल लागतो : तुझं दूध बाधतंय, डबा आणा.

हा निकाल या शहरात तरी ऐकू येऊ नये. रेड हिल्सचं नीलोफर रुग्णालय 1953 पासूनचं. सातव्या निजामाची सून, तुर्की राजघराण्यातली राजकुमारी नीलोफर. तिची दासी बाळंतपणात दगावली आणि त्या दुःखातून बायका-मुलांसाठीचं हे रुग्णालय उभं राहिलं. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यातच होता. आज या रुग्णालयात 'धात्री' ही मातृदुग्धपेढी आहे. इतर आयांनी दिलेलं दूध तपासून, पाश्चराइझ करून अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पाजलं जातं. आशियातली अशी पहिली पेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली सुरू केली होती. जिथे दान आलेल्या दुधाचा थेंबन् थेंब जपतात, तिथेच धडधाकट बाळाचं अंगावरचं दूध एवढ्याशा गुळणीपायी तुटतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आयांचा धीर इतक्या लवकर सुटतो, त्यालाही कारण आहे. 2019-20 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तेलंगणातली 60.7 टक्के बाळंतपणं सिझेरियनची निघाली, देशात सर्वाधिक. जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलेली मुलं जेमतेम 37 टक्के. टाके दुखताहेत, बाळ कसं धरायचं हे दाखवायला कोणी नाही, आणि त्यात दुपट्यावर पांढरा डाग!

खरं तर अन्ननलिका जठराला मिळते तिथली स्नायूंची कडी तान्ह्यात सैल असते. आहार पातळ, बाळ सतत आडवं, म्हणून दूध वर येतं. साधारण चौथ्या महिन्यापर्यंत हे वाढतं, बाळ बसू लागलं की उतरतं आणि वर्ष-दीड वर्षात बहुतेकांचं थांबतं. उलट आईचं दूध जठरातून डब्याच्या दुधापेक्षा लवकर पुढे सरकतं. वजन वाढतंय, लघवी भरपूर होतेय, बाळ हसतंय, तर औषध लागत नाही. वेखंड, ग्राइप वॉटर, मध तर नकोच. इथल्याच तारनाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2024 ची मार्गदर्शिकाही पहिले सहा महिने फक्त आईचं दूध सांगते.

बदल करायचा तो पाजण्याच्या पद्धतीत. नुसतं बोंड नव्हे, भोवतालचा काळा भागही बाळाच्या तोंडात हवा, म्हणजे हवा कमी गिळली जाते. दूध जोरात येऊन बाळाला ठसका लागत असेल तर पहिली धार हाताने काढावी, किंवा आईने मागे रेलून बाळाला छातीवर पालथं घेऊन पाजावं. मध्ये आणि शेवटी ढेकर काढावा. मग वीस-तीस मिनिटं खांद्यावर उभं धरावं. पाजल्या पाजल्या मालिश आणि पायावरची आंघोळ नको. झोपवताना मात्र उताणंच आणि सपाट, उशीने डोकं उंच करू नये.

आईने दूध-दही सोडावं का, हेही विचारतात. थोड्या बाळांना गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असते, शीमध्ये रक्त दिसतं, अंगावर चट्टे येतात. ते डॉक्टरांनी ठरवायचं. बाळंतिणीचं ताट आपण कमी करू नये.

हिरवी किंवा रक्ताची उलटी, पिचकारीसारखी लांब जाणारी उलटी, पिणंच नाकारणं, फुगलेलं पोट, ताप, वजन न वाढणं, यांतलं काही दिसलं तर घरी थांबू नका, बालरोगतज्ज्ञांकडे जा.

गाडीने येणाऱ्या आज्यांना एवढीच विनंती : डबा आणण्याआधी बाळाला वजनकाट्यावर ठेवा. वजन वाढत असेल तर सुनेला निवांत पाजू द्या, आणि दुपटी तेवढी तुम्ही धुवा.