बूस्ट, ॲव्हरेज आणि आंबा घाट

रत्नागिरीत गाडी घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती?’ आणि दुसरा ‘घाटात ओढेल ना?’ गेल्या काही वर्षांत शोरूममधून दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर मिळू लागलं आहे: टर्बो घ्या. इंजिन छोटं म्हणून पेट्रोल कमी, टर्बो आहे म्हणून ताकद जास्त. उत्तर अर्धं खरं आहे, म्हणूनच तपासून घ्यावं. मारुतीची फ्राँक्स ही २०२३ साली आलेली गाडी या तपासाला सोयीची, कारण तिच्या एकाच अंगात दोन इंजिनं मिळतात. साधं १.२ लिटरचं इंजिन ११३ न्यूटन-मीटर टॉर्क देतं, तेही ४४०० फेऱ्यांवर. १ लिटरचं टर्बो १४७.६ देतं आणि २००० फेऱ्यांपासूनच देतं. ॲव्हरेजचे अधिकृत आकडे मॅन्युअल गिअरला अनुक्रमे २१.७९ आणि २१.५. म्हणजे टर्बोने टॉर्क जवळपास तीस टक्क्यांनी वाढवला, पण इंधन वाचवलं नाही. तेही त्या इंजिनाला छोट्या हायब्रिड मोटरची मदत असताना. ताकद फुकटात मिळाली असंही कोणी म्हणेल. ते खरं आहे का, हाच या लेखाचा विषय.

टर्बोचार्जरची कुळकथा थोडक्यात आटोपू. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली पेटंट घेतलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात बरीच ऊर्जा वाया जाते. त्या धुराने एक चक्र (टर्बाइन) फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबायची. आजच्या छोट्या गाडीत ही चक्रं जेमतेम तीन-चार सेंटीमीटरची असतात आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरतात. पण मला या यंत्रातला खरा नायक वाटतो तो वेस्टगेट. टर्बाइनच्या अलीकडे एक झडप, तिला एक छोटा दांडा, दांड्यामागे डबीतला पडदा आणि स्प्रिंग. दाब ठरल्यापेक्षा वाढला की पडदा दांडा ढकलतो, झडप उघडते आणि जास्तीचा धूर चक्राला बगल देऊन निघून जातो. बूस्ट किती, हे हा दांडा ठरवतो. जुन्या रचनेत एक खोड आहे: दाब वाढेपर्यंत स्प्रिंग झडप बंदच ठेवते. हातखंबा ते पाली गाडी आरामात चालली आहे, बूस्टची गरज शून्य, तरी सगळा धूर चक्रातूनच जातो, मागे कोंडतो आणि इंजिनाला तो जोर लावून बाहेर ढकलावा लागतो. शिवाय पुढे दाबलेली हवा थ्रॉटल पुन्हा अडवतो. अनेक नव्या इंजिनांत स्प्रिंगच्या जागी विजेची मोटर आली, जी गरज नसताना झडप उघडी ठेवते. धूर तर वायाच जाणार होता, मग बूस्ट फुकट, या लाडक्या युक्तिवादाला हा दांडाच उत्तर देतो. धूर कोंडण्याची किंमत पिस्टन मोजत असतो.

आता बूस्ट वाढवला तर काय होतं? हवा दाबली की तापते. ३० अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली तर ती १२० अंशांच्या आसपास बाहेर पडते. इंटरकूलर तिला बरीच थंड करतो, पण कोकणातल्या मे महिन्याच्या दुपारी तोही गरम हवेनेच थंड करणार. तापलेलं, दाबलेलं पेट्रोलचं मिश्रण ठिणगीची ज्वाळा पोचण्याची वाट न पाहता पेटू पाहतं; इंजिन नॉक करतं. ते टाळायला दोन उपाय आहेत आणि दोन्ही महाग. एक, इंजिनाचं कॉम्प्रेशन मुळातच कमी ठेवायचं. बीएमडब्ल्यूने १९७३ साली २००२ टर्बो आणली तेव्हा ०.५५ बार बूस्टसाठी कॉम्प्रेशन ६.९ पर्यंत खाली आणलं होतं. कॉम्प्रेशन घटलं की पेट्रोलच्या प्रत्येक थेंबातून मिळणारं काम घटतं, आणि हे बूस्ट लागो न लागो, कायमचं. त्याच वर्षी तेलाचं संकट आलं, यापेक्षा वाईट मुहूर्त काय असणार! दुसरा उपाय, ठिणगी उशिरा टाकायची. मग ज्वलनाची उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी एक्झॉस्टमध्ये जाते, टर्बाइन तापतं, आणि ते वितळू नये म्हणून कॉम्प्युटर जादा पेट्रोल फवारून त्याला थंड करतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा पुरते. पूर्ण बूस्टवर ते प्रमाण बारापर्यंत उतरलं तर तेवढ्याच हवेत वीस टक्क्यांहून अधिक पेट्रोल जातं, आणि त्यातला जादा भाग कामाला न लागता पाइपातून निघून जातो.

यावर घाटातला माणूस रास्त आक्षेप घेईल: चढणीला टर्बो खालच्या फेऱ्यांवर ओढतो, गिअर उतरवावा लागत नाही, मग तिथे तरी फायदा नाही का? आहे. हिशेब करून पाहू. गाडी, चार माणसं, सामान मिळून १३०० किलो धरू आणि समुद्रसपाटीपासून आंबा घाटाच्या माथ्यापर्यंतची चढाई सहाशे मीटर. नुसतं एवढं वजन उचलायला साडेसात मेगाज्यूलच्या वर ऊर्जा लागते; त्यातून टर्बो असो वा नसो, सुटका नाही. इथेनॉल मिसळलेल्या एक लिटर ई-२० पेट्रोलमध्ये साधारण ३० मेगाज्यूल असतात. इंजिनाने त्यातले तीस टक्के कामी आणले तर चढाईला साडेआठशे मिलिलिटर लागेल; पंचवीस टक्केच आणले तर लिटरभर. या दीडशे मिलिलिटरच्या फरकात बूस्टचा सगळा वाद मावतो. टर्बो पेट्रोल इंजिन सर्वांत काटकसरीने चालतं ते २०००-२५०० फेऱ्यांवर, थ्रॉटल बराच उघडा आणि बूस्ट थोडासा असताना. साखरप्यापुढे ट्रकच्या मागे, तिसऱ्या गिअरात, अर्ध्या ॲक्सिलरेटरवर चढणारी गाडी याच पट्ट्यात असते आणि साध्या इंजिनाला मागे टाकू शकते. वर हवा विरळ होते, सहाशे मीटरवर सुमारे सहा टक्के; टर्बो तेवढी तूट भरून काढतो. मात्र त्याच ट्रकला वळणाआधी गाठायचं म्हणून पाय तळाला गेला, की इंजिन उशिराची ठिणगी आणि जादा पेट्रोल या महागड्या कोपऱ्यात शिरतं. म्हणजे थोडा बूस्ट कमावतो आणि पूर्ण बूस्ट उधळतो.

डिझेलची गोष्ट वेगळी. आंब्याच्या पेट्या लादून कोल्हापूरच्या बाजाराला निघालेल्या पिकअपच्या इंजिनात ठिणगी नाही, नॉकची ती भीती नाही, हवा अडवणारा पेट्रोलसारखा थ्रॉटल नाही. जास्त हवा मिळाली की डिझेल नीट जळतं. म्हणून डिझेलला टर्बो मानवला, आणि ‘टर्बो म्हणजे ॲव्हरेज’ हा समज तिथूनच पेट्रोलकडे आला असावा. तिथे रोग वेगळाच असतो: इंटरकूलरचा रबरी होज चिरतो, क्लिप ढिली होते, दाब बाहेर निसटतो. गाडीची ओढ मरते, चढणीला काळा धूर येतो, चालक अजून जोरात पाय देतो आणि डिझेल जातं. मिस्त्री होजवर साबणाचं पाणी सोडून बुडबुडे बघतो. या तपासणीला लॅपटॉप लागत नाही.

मग पेट्रोल टर्बो एवढे वाढले का? एक कारण सरकारी फूटपट्टीत आहे. २००६ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला करात सवलत आहे. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी तिला १८ टक्के आणि मोठीला ४० टक्के. ही पट्टी सीसी मोजते, बूस्ट मोजत नाही. युरोपात १ लिटरच्या टर्बोने १.६ लिटरच्या इंजिनाची जागा घेतली तेव्हा इंधन खरोखर वाचलं, कारण मोठं इंजिन सपाटीवर थ्रॉटल मिटून चालवण्यात होणारा तोटा गेला. आपल्याकडे त्याने बहुतेक १.२ ची जागा घेतली. वाचवायला मुळात फारसं नव्हतंच.

त्यात आता ई-२०. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त आणि तो बाष्प होताना हवा थंड करतो, म्हणून बूस्टला तो मानवतो; पेट्रोलियम मंत्रालयाच्या म्हणण्यानुसार ९१ ऑक्टेनचं पेट्रोल या मिश्रणाने ९५ पर्यंत जातं. पण लिटरमागे ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानेच शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या जुन्या चारचाकींचं ॲव्हरेज सहा ते सात टक्क्यांनी घटेल असं मांडलं होतं. घाटापलीकडच्या उसातून येणारा हा इथेनॉलचा हिस्सा टर्बोला खऱ्या अर्थाने लाभायचा तर कॉम्प्रेशन वाढवलेली, ठिणगी पुढे सरकवलेली इंजिनं हवीत. रस्त्यावरच्या जुन्या गाडीचं कॉम्प्रेशन कोणी बदलून देत नाही. आणि इंजिनाचा कॉम्प्युटर रीमॅप करून ‘बूस्टही वाढेल, ॲव्हरेजही’ असं सांगणाऱ्याला एकच विचारावं: पेट्रोल इंजिनात वाढलेला बूस्ट वापरला नाही तर फरक काय, आणि वापरला तर वाचणार कुठून? ठोस उत्तर मिळालं नाही तर वॉरंटी घालवू नये.

शेवटी मागणी एकच, आणि ती आकड्यांची आहे. पुण्याच्या एआरएआयच्या नावाने ओळखलं जाणारं ॲव्हरेज ज्या चाचणीतून येतं ती रोलरवर होते: सुमारे साडेदहा किलोमीटर, कमाल वेग ताशी ९०, सरासरी ३२-३३, चढण शून्य. या चाचणीत टर्बोला दम लावण्याची वेळ क्वचितच येते. भरलेली गाडी, चढण आणि चालू एसी धरून दुसरा आकडा कंपन्यांनी छापायला हवा. तोवर रत्नागिरीच्या ग्राहकाने टर्बो घ्यावी ती घाटातल्या ओढीसाठी. ॲव्हरेजसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.