एकवीस सेकंदांची भानगड

ऑलिम्पिकमधलं पोहणं बघायला बसलात आणि पुरुषांची ५० मीटर फ्रीस्टाइल लागली, तर फोन उचलू नका, दार उघडायला उठू नका आणि शेजारच्याला 'यातला आपण कुणाच्या बाजूचे?' असं विचारूही नका. उत्तर येईपर्यंत शर्यत संपलेली असते. तलावाची एकच लांबी. वळण नाही, डावपेच नाहीत, मागे पडलो तर भरून काढायला जागा नाही. भोंगा वाजतो, आठ जण झेपावतात, पाणी नुसतं फेसाळतं आणि एकवीस-बावीस सेकंदांत आठही जण भिंतीला हात लावून गर्रकन फलकाकडे वळतात. आपण जिंकलो की आठवे आलो, हे पोहणाऱ्यालाही फलक बघूनच कळतं.

खरी गंमत त्या वळून बघण्यात आहे. या शर्यतीत कोण किती भारी पोहतो हा प्रश्न दुय्यम. गेली सव्वाशे वर्षं माणसं भांडतायत ती एकाच गोष्टीवरून: आधी कोण पोचलं?

सुरुवातच मारामारीनं

१९०४, अमेरिकेतलं सेंट लुईस. जागतिक प्रदर्शनातल्या कृत्रिम तळ्यात ऑलिम्पिकचं पोहणं चाललेलं. अंतर ५० यार्ड, म्हणजे ४५.७२ मीटर. हंगेरीचा झोल्तान हालमाय पुढे होता, असं बघणाऱ्यांचं म्हणणं. अमेरिकन पंचाला मात्र आपला स्कॉट लिअरी पुढे दिसला. शब्दानं शब्द वाढला आणि प्रकरण हातघाईवर आलं. शेवटी तोडगा निघाला: दोघांनी पुन्हा पोहावं. हालमाय २८ सेकंदांत पोचला, लिअरी २८.६ मध्ये. पंचांना काही बोलायला जागाच उरली नाही.

एवढं रामायण झाल्यावर ऑलिम्पिकनं या अंतराकडे जी पाठ फिरवली, ती १९८८ च्या सोलपर्यंत. चौऱ्याऐंशी वर्षं! सोलला ५० मीटर परत आली आणि अमेरिकेच्या मॅट बियोंडीनं २२.१४ सेकंदांच्या विश्वविक्रमासह ती मारली. दुसरा आला त्याचाच देशबांधव टॉम जेगर. या दोघांची जुंपलेली असायची. १९९० मध्ये नॅशव्हिलला दोघांची समोरासमोर लढत लावली, तेव्हा जेगरनं एकाच दिवसात विश्वविक्रम दोनदा मोडला: आधी २१.९८, मग २१.८१. बावीस सेकंदांचा दरवाजा पहिल्यांदा उघडला तो असा.

घड्याळ म्हणतं एक, डोळे म्हणतात दुसरं

पण 'आधी कोण?' या प्रश्नाचा सगळ्यात मोठा तमाशा झाला तो १०० मीटरमध्ये, १९६० च्या रोम ऑलिम्पिकला. तो जरा सविस्तर सांगायलाच हवा.

ऑस्ट्रेलियाचा जॉन डेव्हिट आणि अमेरिकेचा लान्स लार्सन जवळजवळ एकाच वेळी भिंतीला टेकले. डेव्हिटनं तर लार्सनचं अभिनंदनही करून टाकलं. तेव्हाची पद्धत अशी, की क्रमांक पंचांनी डोळ्यांनी ठरवायचे. पहिला कोण ते बघायला तीन पंच, दुसरा कोण ते बघायला वेगळे तीन. पहिल्या क्रमांकाच्या तिघांपैकी दोघं म्हणाले, डेव्हिट पहिला. दुसऱ्या क्रमांकाच्या तिघांपैकी दोघं म्हणाले, डेव्हिट दुसरा! म्हणजे हिशेब तीनास तीन.

मग घड्याळं बघा, असं कुणीही म्हणेल. बघितली. डेव्हिटच्या तिन्ही घड्याळांत ५५.२. लार्सनच्या घड्याळांत ५५.०, ५५.१ आणि ५५.१. एक अनधिकृत यंत्रही लावलेलं होतं, तेसुद्धा लार्सनच्याच बाजूनं. इतकं सगळं समोर असताना मुख्य पंच हान्स रुनस्ट्रोमर यांनी कौल दिला डेव्हिटला. आणि वेळेचा निकालाशी मेळ बसेना, म्हणून लार्सनची वेळच बदलून ५५.२ केली! अमेरिकेनं दाद मागून बघितली, पण सुवर्ण गेलं ते गेलंच. माझं मत विचाराल तर हा सरळसरळ अन्याय होता; आणि आज जी यंत्रणा आपण गृहीत धरतो, ती यायला असा एक अन्याय व्हावा लागला.

१९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकपासून भिंतीवर टचपॅड आले. हातानं पॅड दाबलं की घड्याळ थांबणार. पॅड दाबायचं, नुसतं शिवायचं नाही, हे महत्त्वाचं. लाटेच्या धडकेनं ते थांबत नाही, आणि हळुवार बोटं टेकवणाऱ्याची गयही करत नाही.

यंत्र आलं, आता तरी?

छे. यंत्र फारच हुशार निघालं. १९७२ ला म्युनिकमध्ये ४०० मीटर मेडलेत स्वीडनच्या गुन्नार लार्सननं (वरचा लार्सन वेगळा) अमेरिकेच्या टिम मॅकीला हरवलं. वेळ ४:३१.९८१ विरुद्ध ४:३१.९८३. फरक सेकंदाच्या दोन सहस्रांशांचा. मग कुणीतरी साधा प्रश्न विचारला: तलाव बांधणाऱ्या गवंड्याचं काम तरी इतकं अचूक असतं का?

गणित सोपं आहे. ५० मीटरवाला सेकंदाला साधारण २.३५ मीटर जातो. शतांश सेकंदात झाले सव्वादोन-अडीच सेंटिमीटर, म्हणजे बोटाचं एक पेर. सहस्रांशात जेमतेम सव्वादोन-अडीच मिलिमीटर. आणि एका लेनची लांबी दुसरीपेक्षा सेंटिमीटरभर इकडेतिकडे असली तरी नियमात बसते. म्हणजे सहस्रांशावर निकाल देणं हे पोहणाऱ्याचं नव्हे, भिंतीचं मोजमाप झालं. तेव्हापासून पोहण्यात घड्याळ शतांशालाच थांबतं. तिथे बरोबरी, तर दोघंही विजेते.

याचा लाभ २००० साली सिडनीत झाला. गॅरी हॉल ज्युनिअर आणि अँथनी अर्विन, दोघं अमेरिकन, दोघं एकत्र सराव करणारे. फलकावर दोघांपुढे २१.९८ आणि दोघांपुढे १. हॉलंडचा पीटर व्हॅन डेन हूगेनबँड २२.०३ मध्ये तिसरा. रौप्य कुणालाच नाही!

दोन विजेते, दोन वल्ली

गॅरी हॉल म्हणजे नुसता पोहणारा नव्हे, तमाशाच होता. मुष्टियोद्ध्यासारखा झगा घालून यायचा, हवेत गुद्दे मारायचा. सिडनीच्या आधी त्यानं लिहून टाकलं होतं, की आम्ही ऑस्ट्रेलियाला गिटारसारखं फोडून काढू. ४ × १०० मीटर रिलेत शेवटच्या टप्प्यात त्याच्यासमोर आला इयान थॉर्प. ऑस्ट्रेलिया जिंकली आणि चौघांनी काठावर उभं राहून हवेतल्या गिटारी वाजवल्या. गाठ घरच्या पोरांशी होती, दुसरं काय.

या हॉलला १९९९ मध्ये टाइप १ मधुमेह निघाला होता. तरीही २००० ला सुवर्ण आणि २००४ ला अथेन्समध्ये पुन्हा सुवर्ण, तेही क्रोएशियाच्या दुये द्रागान्यापेक्षा फक्त ०.०१ सेकंदानं. एकूण दहा ऑलिम्पिक पदकं. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यात त्याचं घर जळालं आणि दहाही पदकं गेली. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं नंतर त्याला तशीच दहा पदकं करून दिली.

अर्विनची कथा याहून तऱ्हेवाईक. एकोणिसाव्या वर्षी सुवर्ण, बाविसाव्या वर्षी निवृत्ती. मग बँडमध्ये गिटार, अंगभर टॅटू, पोरांना पोहायला शिकवणं. २००४ च्या त्सुनामीनंतर त्यानं सिडनीचं सुवर्णपदक ईबेवर लिलावात काढलं आणि आलेले १७,१०१ डॉलर मदतीला दिले. पदक विकलेला हा माणूस २०१२ ला परत आला, पाचवा आला. आणि २०१६ ला रिओत, पस्तिसाव्या वर्षी, २१.४० सेकंदांत जिंकला! दुसरा आलेला फ्रान्सचा फ्लोरां मानोदू होता २१.४१ वर. पोहण्यात वैयक्तिक सुवर्ण जिंकणारा सर्वांत वयस्क माणूस हा मान मायकेल फेल्प्सनं तीनच दिवसांपूर्वी मिळवला होता, तो अर्विननं काढून घेतला. त्याच रात्री १०० मीटर बटरफ्लायमध्ये फेल्प्ससह तिघांची वेळ सारखी आली आणि तिघांना रौप्य द्यावं लागलं. शतांशाची कृपा.

मानोदूबद्दल वाईट वाटून घेऊ नका. २०१२ ला लंडनला सातव्या लेनमधून त्यानं सुवर्ण नेलं होतं, तेव्हा त्याची बहीण लॉर (तीही २००४ ची सुवर्णविजेती) धावत काठावर येऊन त्याच्या गळ्यात पडली. रिओनंतर हा गडी पोहणं सोडून चक्क हँडबॉल खेळायला गेला. परत आला, टोकियोला रौप्य, पॅरिसला कांस्य. एकाच शर्यतीत सलग चार ऑलिम्पिकमध्ये पदक.

आणि रशियाचा अलेक्झांडर पोपोव्ह? १९९२ आणि १९९६, दोन्ही वेळा ५० आणि १०० दोन्हींत सुवर्ण. अटलांटाहून घरी परतल्यावर मॉस्कोत कलिंगडवाल्याशी झालेल्या बाचाबाचीत त्याच्या पोटात सुरा गेला. पुढच्या वर्षी तो युरोपियन विजेता होता.

थोडं वेगाविषयी

ब्राझीलच्या सेझार सिएलोनं डिसेंबर २००९ मध्ये साओ पावलोत ५० मीटर २०.९१ सेकंदांत पार केले. ताशी वेग काढा: साधारण ८.६ किलोमीटर. सकाळी जॉगिंगला निघालेले काका काठाकाठानं त्याला सोबत करू शकतील! पण पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असतं, हे काकांनी विसरू नये. उसेन बोल्ट जेवढ्या वेळात २०० मीटर धावायचा, साधारण तेवढ्यात हे लोक ५० मीटर जातात. आणि श्वास? अख्ख्या शर्यतीत एखादा. काही जण तोही घेत नाहीत.

सिएलोच्या विक्रमाला पोशाखाची मदत होती, हे मात्र सांगायला हवं. २००९ हे पॉलियुरेथेनच्या अंगभर सूटचं वर्ष. रोमच्या जागतिक स्पर्धेत तब्बल ४३ विश्वविक्रम पडले. १ जानेवारी २०१० पासून हे सूट बंद. पुरुषांना कंबर ते गुडघा, तेही कापडाचंच. सिएलोनं विक्रम केला तो बंदीच्या दोन आठवडे आधी. पुढे पंधरा वर्षं उलटली तरी तो कुणाला मोडता आला नव्हता. टोकियोत केलेब ड्रेसेल २१.०७ पर्यंत आला, दुसऱ्याला ०.४८ सेकंदांनी मागे टाकून. या शर्यतीत याला मैलभर अंतर म्हणतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रीसच्या क्रिस्टियन गोलोमीव्हनं २०.८९ नोंदवले खरे, पण बंदी असलेला सूट घालून आणि उघडपणे उत्तेजकं घेऊन. बक्षीस दहा लाख डॉलर, मान्यता शून्य. शून्यच योग्य.

त्यापेक्षा मला ऑस्ट्रेलियाचा कॅमरन मॅकएवॉय आवडतो. भौतिकशास्त्र शिकलेला माणूस. टोकियोत अपयश आल्यावर त्यानं विचार केला, की एकवीस सेकंदांच्या शर्यतीसाठी आठवड्याला तीसेक किलोमीटर पोहायचं कशाला? त्यानं पोहणं आठवड्याला दोन-तीन किलोमीटरवर आणलं आणि उरलेला वेळ ताकदीच्या व्यायामाला दिला. डोंगरकड्यांवर चढणंही त्यात आलं. २०२४ ला पॅरिसमध्ये तिसाव्या वर्षी २१.२५ सेकंदांत सुवर्ण. पोहण्यात एवढा दादा देश, पण ऑस्ट्रेलियाच्या पुरुषाला ५० मीटर फ्रीस्टाइलचं ऑलिम्पिक सुवर्ण मिळालं ते पहिल्यांदाच.

आणि कोल्हापूरचा वीरधवल

शतांशाचा फटका आपल्यालाही बसलेला आहे. २०१८ ची जकार्तातली आशियाई स्पर्धा. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं प्राथमिक फेरीत २२.४३ चा राष्ट्रीय विक्रम केला, अंतिम फेरीत २२.४७. कांस्य मिळवणाऱ्या जपानच्या खेळाडूची वेळ होती २२.४६. बोटाच्या एका पेरानं पदक गेलं. तेही मधली काही वर्षं तहसीलदाराची नोकरी सांभाळून परतलेल्या माणसाचं. २०२३ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्यानं ५० मीटर फ्रीस्टाइल जिंकली, त्याच स्पर्धेत महिलांची तीच शर्यत त्याची पत्नी ऋजुता हिनं जिंकली, आणि वीरधवलनं निवृत्ती जाहीर केली. घरात दोन सुवर्णं, तीही एकाच अंतराची.

२०१० ला ग्वांगझूमध्ये त्यानं मिळवलेलं आशियाई कांस्य होतं ५० मीटर बटरफ्लायचं. १९८६ च्या खजानसिंगनंतर पोहण्यातलं भारताचं पहिलं पदक. तेव्हा ही शर्यत ऑलिम्पिकमध्ये नव्हती. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये ती येतेय, सोबत ५० मीटर बॅकस्ट्रोक आणि ब्रेस्टस्ट्रोकही. म्हणजे एका लांबीच्या शर्यती आता चार. आणि हो, तिथे मैदानी स्पर्धा आधी आणि पोहणं नंतर, असा क्रम ठरलाय. तेव्हा नेहमीप्रमाणे पहिल्याच आठवड्यात टीव्हीपुढे ठाण मांडू नका. दुसऱ्या आठवड्यात बसा, आणि चहा शर्यतीच्या आधी करून घ्या.