पंचगंगेची कासवे

काशीच्या पंचगंगा घाटावर आपणांस पाण्यात एखादे कासव दिसले, तर ते चंबळेकाठी मिळालेल्या अंड्यातून सारनाथला जन्मलेले असण्याचा संभव आहे. अर्धवट जळलेली प्रेते खाऊन त्यांनी गंगा निर्मळ करावी, म्हणून अशी हजारो कासवे येथे सोडण्यात आली. १९८९ मध्ये रामनगर ते मालवीय पूल हा प्रवाह अभयारण्य ठरला आणि मासेमारीस बंदी झाली. २०२० मध्ये अभयारण्य रद्द झाले.

पण मल्लाहांच्या जाळ्यावरील मोठा घाला दूर बंगालमध्ये पडला होता. अंडी घालण्यासाठी समुद्रातून वर चढणारा हिलसा पूर्वी प्रयागच्याही पुढे जाई. १९७५ मध्ये फराक्क्याचा बंधारा सुरू झाला आणि त्याची वाट अडली. अलीकडे बंधाऱ्याच्या वरच्या अंगास हिलसा सोडण्यात येतो. कासवांस मात्र असा प्रवास करावाच लागत नाही.