हे वाक्य कुणाचं? : थ्रेड, लॉग आणि आजीची कविता

मी साहित्याची विद्यार्थिनी, त्यामुळे या अंकात प्रोग्रॅमिंगवर लिहितेय म्हटल्यावर मंडळातल्या मैत्रिणी हसल्या. पण मला ही गोष्ट कळली ती एका कवितेमुळेच.

आपल्या मंडळाने कॉलेजचे जुने छापील वार्षिकांक टाईप न करता संगणकाकडून वाचून घ्यायचं ठरवलं. २१२ पानांचे फोटो होते. मी पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो प्रत्येक पानाच्या पट्ट्या करायचा, त्या वाचायचा आणि मजकूर साठवायचा. एका पानाला वीस सेकंद. तेवढ्यात झालं नाही तर जमलं तेवढं ठेवून पुढे. काम लवकर व्हावं म्हणून चार थ्रेड लावले. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे वेगवेगळे धागे.

काम संपलं. २१२ फायली तयार. मी खूश!

मग रविवारी मिस्सानंतर आजीला तिची कविता दाखवली. तीही याच कॉलेजची. तिने चष्मा लावला, वाचलं आणि म्हणाली, "अगो, शेवटची दोन कडवी कुठे गेली?"

घरी येऊन प्रोग्रॅमने स्क्रीनवर लिहिलेलं पाहिलं. 'पान घेतलं', 'पान घेतलं', 'झालं', 'वेळ संपली, अर्धवट ठेवलं', 'पान घेतलं'... 'वेळ संपली' तीनदा होतं. पण कुठल्या पानाची? चारही थ्रेड एकाच पडद्यावर बोलत होते आणि कुणाचंच नाव नव्हतं. पात्रांची नावं खोडलेली नाटकाची संहिता वाचावी, तसं झालं. काही ठिकाणी तर दोन ओळी एकमेकींना चिकटल्या होत्या, कारण प्रिंट मजकूर आणि ओळ बदलण्याची खूण वेगवेगळी पाठवू शकतो. मधल्या क्षणात दुसरा थ्रेड घुसतो.

यावर पायथनमध्येच उपाय आहे : लॉगिंग हे मॉड्यूल. त्यातला हँडलर, म्हणजे संदेश फाईलपर्यंत पोचवणारा भाग, लिहिताना कुलूप लावतो. एकाचं लिहून होईपर्यंत दुसरा थांबतो, त्यामुळे ओळी तुटत नाहीत. मात्र कुलूप ओळी वेगळ्या ठेवतं, त्या कुणाच्या हे सांगत नाही. ते काम फॉरमॅटरचं. प्रत्येक ओळीत काय काय आणि कुठल्या क्रमाने छापायचं, याचा साचा त्याला द्यायचा. टक्क्याचं चिन्ह, कंसात नाव आणि शेवटी 'एस' हे अक्षर, अशी त्याची रीत. मी चार गोष्टी घेतल्या : ॲसटाइम म्हणजे वेळ, लेव्हलनेम म्हणजे संदेशाचं गांभीर्य, थ्रेडनेम म्हणजे बोलणारा थ्रेड आणि मेसेज म्हणजे खुद्द संदेश. ही नावं रोमन लिपीत लिहायची. थ्रेडनेममधला 'एन' तेवढा कॅपिटल. तो चुकला की साचा चालत नाही, मी अर्धा तास त्यातच घालवला!

थ्रेडना नीट नावंही देता येतात. थ्रेडपूल बनवताना नावाचा उपसर्ग दिला की पायथन त्यापुढे आकडे लावतो. मी 'वाचक' दिला. मग वाचक_०, वाचक_१ असे चौघे दिसायला लागले.

पण इथेच एक फसगत आहे. थ्रेडचं नाव म्हणजे कामाचं नाव नव्हे. एकच वाचक एकामागून एक पन्नासेक पानं वाचतो. म्हणून पानाचा क्रमांक मी प्रत्येक संदेशात घातला. 'वेळ संपली' हा संदेश साध्या माहितीच्या पातळीवरून वॉर्निंगच्या पातळीवर नेला, म्हणजे तो गर्दीत हरवणार नाही. लॉग स्क्रीनऐवजी फाईलमध्ये ठेवला.

पुन्हा चालवलं. फाईलमध्ये 'वॉर्निंग' शोधलं. तीन ओळी, तीन पानं : ४७, ११८, १६३. ती तिन्ही हाताने टाईप केली, जेमतेम दीड तास लागला. नाहीतर २१२ पानं मुळाशी ताडून बघावी लागली असती.

आजीची कविता ११८ वर. उरलेल्या दोन पानांवर एक प्रवासवर्णन आणि एक कथा होती. त्यांच्या लेखकांना मी ओळखत नाही, आणि त्यांच्या वतीने "शेवट कुठे गेला?" असं विचारणारं आमच्या घरात कुणी नव्हतं. ते लॉगनेच विचारायला हवं होतं.

तुम्ही कुणी असा प्रोग्रॅम लिहिणार असाल, तर पहिल्याच दिवशी साचा ठरवा : केव्हा, कोण, कशाबद्दल, काय.